पाहुण्या उंदराचं अंथरूण

आमच्या घरी पाळायचा उंदीर आला, त्या दिवशी आप्पा गव्हाच्या बांधावर उंदरांचं औषध टाकून नुकतेच परतले होते आणि मोरीत साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होते. अंगणात रिक्षातून आधी आत्या उतरली, मग तिची गौरी, आणि गौरीच्या दोन्ही हातांत, ओवाळायचं ताट धरावं तसा सपाट धरलेला, एक तारेचा पिंजरा. आई पदराला हात पुसत बाहेर आली. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या भुशातून एक बदामी गोळा वर आला, मागच्या पायांवर उभा राहिला, आमच्या सगळ्या खानदानाकडे त्याने एक नजर टाकली आणि पुन्हा भुशात शिरला. "अगं बया, ह्याचं शेपूट कुठं गेलं?" आई म्हणाली. गौरी नऊ वर्षांची, पुण्याच्या इंग्रजी शाळेतली. तिने समजावून सांगितलं, "मामी, तो हॅमस्टर आहे. त्याला शेपूट एवढंसंच असतं. गुल्लू नाव आहे त्याचं." आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून वाकले, त्यांनी नीट बघितलं आणि निकाल दिला, "उंदीरच हाय. पुण्याला ऱ्हायला म्हून काय ससा होत न्हाई."

आत्याच्या यजमानांना कंपनीने तीन महिन्यांसाठी बंगळूरला धाडलं होतं. तिथे मिळालेल्या जागेत जनावर चालणार नव्हतं, पुण्यात शेजारीपाजारी कोणी तयार होईना, तेव्हा आत्याला माहेर आठवलं. पिंपळवंडीत गाई, म्हशी, कोंबड्या, दोन कुत्री एवढं नांदतंय, त्यात आणखी एक मूठभर जीव काय जड आहे, असा तिचा हिशेब. आईने त्या दिवशी मासवडी केली होती. आमच्याकडे माहेरवाशीण आली की मासवडी होणारच. तिळाखोबऱ्याचा तो खमंग वास आणि बाहेर पॅकिंगच्या शेडमधून येणारा द्राक्षांचा गोड वास एकमेकांत मिसळून घरभर फिरत होता. गौरी मात्र जेवली नाही. तिने मला पिंजऱ्यापाशी बसवून दोन रंगांच्या पेनांनी लिहिलेला एक कागद वाचून दाखवला. पाणी रोज बदलायचं. अंथरुणाचा भुसा आठवड्याला बदलायचा. कापूस द्यायचा नाही, पायात गुंततो. वास येणाऱ्या लाकडाचा भुसा द्यायचा नाही. दुकानातून आणलेली भुशाची एक पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि विचारलं, "ताई, मला हा असाच परत मिळेल ना?" मी तेरा वर्षांची होते आणि त्या वयात शपथा फार स्वस्त असतात. मी गळ्याला चिमटा घेऊन म्हटलं, "गळ्याशपथ."

पिशवी तीन आठवड्यांत संपली. तसा भुसा नारायणगावात कोणी ऐकलेलासुद्धा नव्हता. पुण्याहून मागवावा तर त्या एका पिशवीच्या किमतीत शेडमधल्या एका बाईची दिवसाची हजेरी भागली असती, आणि उंदराच्या गादीसाठी एवढे पैसे मागायची माझी छाती नव्हती. आज माझी मुलगी मोबाईलवर बोट फिरवून मांजराच्या वाळूची पिशवी दारात मागवते, तेव्हा मला ते दिवस आठवतात आणि मी गप्प बसते, कारण तोंड उघडलं की 'आमच्या वेळी' सुरू होतं. तर मी आधी वखारीतून लाकडाचा भुसा आणला. त्यात कसकसली लाकडं मिसळलेली होती देव जाणे. गुल्लू दिवसभर शिंकत राहिला. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या केल्या, तर त्याचं पांढरं पोट शाईने काळं झालं. आईने गोणपाट उसवून दिलं, त्याचा एक दोरा त्याच्या मागच्या पायाला असा आवळून बसला की मला तो सुईने सोडवावा लागला. शेवटी माझ्या चित्रकलेच्या वहीची कोरी पानं फाडून घालायला लागले. ती सकाळी कोरडी असत आणि दुपारपर्यंत लगदा.

आप्पा हे सगळं येताजाता बघत होते. पहिले आठ दिवस त्यांनी गुल्लूचं नावही घेतलं नव्हतं. पण एका संध्याकाळी आईने पिंजऱ्यात बाजरीचे दाणे टाकले आणि गुल्लूने ते एकामागून एक असे गालात भरले की त्याचं डोकं त्याच्या धडाएवढं झालं. ती फुगलेली गाठोडी घेऊन तो कोपऱ्यात गेला आणि दोन्ही पंजांनी गाल दाबून त्याने सगळे दाणे बाहेर ढकलले. एकही चावलेला नव्हता. "च्या मायला," आप्पा म्हणाले, "गालातच पोतं शिवलंय." त्यानंतर ते रोज शेडवरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "पावणं उठलं का?" गुल्लू असं घरात कोणीच म्हणेना झालं, सगळ्यांचं ते पावणंच.

त्या वर्षी आमची द्राक्षं पहिल्यांदाच परदेशी चालली होती. शेडला चारी बाजूंनी जाळी लावली होती, बायकांना डोक्याला टोप्या दिल्या होत्या आणि आत जाताना हात धुवावे लागत. कात्र्यांची टिकटिक, चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर्र आवाज, मधेच कोणाचं तरी खिदळणं, असा दिवस जायचा. प्रत्येक खोक्यात अगदी वरती एक पांढराशुभ्र पॅड घालत. द्राक्षं महिनाभर जहाजात राहणार, त्यांना बुरशी लागू नये म्हणून. आमच्या घरात त्या शेडमधल्या वस्तूंना फार मान होता. जे साहेबाच्या देशातल्या माणसाला चालतं ते उत्तमच असणार, यात कोणाला शंका नव्हती. म्हणून आप्पा एका सांजेला शेडवरून हात पाठीमागे लपवून आले आणि लहान मुलासारखे हसत त्यांनी माझ्यापुढे दोन पॅड धरले. "हे घे. तुझ्या वहीच्या कागदापरीस लई भारी. परदेशी पावण्याला परदेशी गादी." मी आनंदाने नाचले. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून छाटणीच्या कात्रीने त्या पॅडच्या बारीक पट्ट्या केल्या. कापताना आतून पांढरी पूड सांडत होती. पॅडवर लाल अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी छापलेलं होतं. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि मी त्या अक्षरांच्या मधोमध कात्री चालवली.

सकाळी उठून पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर नाकात काहीतरी झोंबलं. काडी ओढल्यावर येतो तसा वास. गुल्लू पिंजऱ्याच्या दारापाशी, सळ्यांमधून नाक बाहेर काढून पडला होता. तोंड उघडं, डोळे चिकटलेले, कुशी भात्यासारख्या चाललेल्या. मी ओरडले तसे आप्पा आले. ते वाकले, त्यांनी एकदाच श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. वेलींवर भुरीची बुरशी पडू नये म्हणून ज्यांनी उभा जन्म गंधक मारलं, त्यांना तो वास ओळखायला वेळ लागला नाही. "आरं देवा," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यात गंधकाचं औषध हाय. ओल लागली की धूर सुटतो. मला म्हाईत व्हतं, वैशे. मला म्हाईत व्हतं आन ध्यानातच आलं न्हाई." ओल कुठून आली असेल हे सांगायला नको, पाहुणे रात्री त्याच अंथरुणावर मुतले होते. आप्पांनी पिंजरा उचलून वाऱ्याला ओट्यावर नेला, स्वतः त्याच्या तळाचा पत्रा घासून धुतला आणि गुल्लूला आपल्या टोपीत घेऊन बसले. पाठीवर औषधाचा पंप वागवणारा तो माणूस नुसता त्या टोपीकडे बघत होता. मला रडू येत होतं, पण त्यांच्याकडे बघून ते थांबलं.

शेजारी म्हैस तपासायला जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांना मी धावत जाऊन घेऊन आले. त्यांनी चष्मा वर करून टोपीत पाहिलं. "आप्पा, मी म्हशीचा डॉक्टर. ह्याचं मला शिकवलंच नाही," ते म्हणाले. तरी त्यांनी डोळे कोमट पाण्याने पुसायला सांगितले, थेंबाथेंबाने पाणी पाजायला सांगितलं. "छाती भाजलीय. आता ह्याला धूळ नको, वास नको, गारठा तर अजिबात नको. नुसत्या पत्र्यावर ठेवलात तर थंडीनंच जाईल. खाली मऊ, कोरडं काहीतरी द्या." काय द्यायचं, असं मी विचारलं. "ते मात्र मला विचारू नको," म्हणून ते सायकलवर बसून गेले. आता उरलेल्या वहीची शेवटची आठ-दहा पानं, सकाळचा बोचरा गारठा आणि माझी गळ्याशपथ, एवढंच माझ्याजवळ होतं.

शेडमध्ये भिमाबाई नावाच्या एक बाई कामाला होत्या. घोडेगावच्याही वर, डोंगरातल्या एका वाडीच्या. द्राक्षांच्या हंगामात त्या आमच्याच वस्तीवर राहत. उंच, काटक, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण वेडे आहोत हे उशिरा कळावं. त्या पाणी प्यायला ओट्यावर आल्या आणि माझा सगळा रडका पाढा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. वखारीचा भुसा, गोणपाट, कागद, पॅड. मग तांब्या उपडा ठेवत म्हणाल्या, "समद्यांस्नी इचारलं. डाक्टरला इचारलं. आगं, उंदराला काय हातरायचं ते उंदरालाच इचार की." मी टोपीतल्या गुल्लूकडे पाहिलं. "चल," त्या म्हणाल्या, "कुदळ घे."

गव्हाच्या बांधावर त्या कंबरेत वाकून चालत होत्या आणि मी मागे. आप्पाही आले, घरात बसवेना त्यांना. मला बांधावर नुसती भोकं दिसत होती. भिमाबाईंना त्यात घरं दिसत होती. हे सोडून गेलेलं, कोळ्याचं जाळं बघ. ह्याच्यात आता घूस हाय, त्याच्या वाटंला जायाचं न्हाई. ह्याची माती आजच्या पहाटंची. तिथे त्यांनी कुदळ टेकवली आणि आप्पांकडे बघून हसल्या, "तुमचं औषध त्येंनी हुंगूनबी बघितलं न्हाई, आप्पा."  भिमाबाई खणत नव्हत्या, माती सोलत होत्या म्हणा ना. बोगदा आडवा गेला, वळला, खाली उतरला. एका बाजूला बंद खोली, तीत नुसत्या लेंड्या. त्याच्या पार विरुद्ध बाजूला दुसरी खोली, आणि तीत आमच्या गव्हाच्या ओंब्या. विखुरलेल्या नाहीत, सगळ्या ओंब्यांची तोंडं एकीकडे, देठं एकीकडे, आईने पेंढी बांधावी तशा रचलेल्या. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा गहू चोरून नेलेला होता, आणि ते उकिडवे बसून त्या रचनेकडे डोळे मोठे करून बघत होते.

आणि मग सगळ्यात वरच्या अंगाला, जिथे पाणी चढणार नाही अशा जागी, घरटं. दोन ओंजळींत मावेल एवढा गवताचा गोळा. आतली बाई नुकतीच मागच्या दाराने पळाली होती. "हात घाल," भिमाबाई म्हणाल्या. मी बोटं घातली. आत ऊब होती. बाहेर उसाच्या पाचटाच्या रुंद, राठ पट्ट्या गुंडाळलेल्या. त्याच्या आत गवताची पाती, उभी चिरलेली. आणि अगदी आत तेच गवत, पण इतकं बारीक केलेलं की आईच्या शेवयाही त्यापुढे जाड म्हणाव्यात. धूळ नव्हती. ओल नव्हती. कुठेही लांब दोरा नव्हता की कशात पाय अडकावा. गौरीच्या दोन रंगी कागदावर जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या बिळातल्या उंदरिणीला कोणी न शिकवता ठाऊक होतं. मी या मातीत वाढले होते, रोज या बांधावरून शाळेत गेले होते, आणि माझ्या पायाखाली एवढं शहाणपण झोपलेलं होतं. त्या क्षणाचा अचंबा आजही माझ्या अंगावर येतो. पुढे मी मोठमोठी देवळं पाहिली, परदेशातल्या इमारती पाहिल्या, पण तसं थक्क होणं पुन्हा वाट्याला आलं नाही. भिमाबाईंनी मला फार वेळ बघू दिलं नाही. "झाक आता. तिला परत यायचं आसंल," म्हणून त्यांनी ढेकळं होती तशी रचली. शेवटचं ढेकूळ आप्पांनी ठेवलं. त्या वर्षी मळणीनंतर त्यांनी नेहमीप्रमाणे शेतात औषध टाकलं, ते काही साधुसंत झाले नाहीत. त्या कोपऱ्यात टाकलं की नाही, हे मी विचारलं नाही.

कसं हवं ते कळलं होतं. आता तेवढं गवत कापायचं. मारवेल गवत बांधोबांधी वाळून उभं होतं. मी पहिल्या बांधावर विळा लावला तर आप्पा म्हणाले, "हितलं नको. टोमॅटोचा फवारा उडालाय." दुसऱ्या बांधावर म्हणाले, "हितं द्राक्षाचं गंधक." तिसरा विहिरीजवळचा, तिथे तणनाशक. चौथ्या बांधाला पलीकडच्यांचा कांदा लागून होता आणि त्यांनी काय मारलं होतं ते आप्पांना डबा बघून माहीत होतं. आम्ही सगळं रान पालथं घातलं. ज्या रानाचा आप्पांना एवढा अभिमान, जे बघायला बाहेरगावचे शेतकरी यायचे, त्यात मूठभर उंदराखाली घालता येईल असं एक पेंढीभर गवत त्यांना सापडेना. ते बांधावर मटकन बसले. "वैशे," ते म्हणाले, "ह्यातच तुमी खेळत व्हता की गं."  मी त्यांच्याजवळ बसले.

भिमाबाईंनीच ती कोंडी फोडली. त्यांना भाचीच्या लग्नासाठी गावी जायचं होतं. "आमच्या डोंगरावर कोण फवारतंय? मी आणते," एवढंच म्हणून त्या दुपारच्या गाडीने गेल्या. ते तीन दिवस मला जन्मभर पुरतील. गुल्लू आप्पांच्या टोपीत आणि टोपी चुलीच्या उबेला. आई भाकरी थापता थापता एक डोळा त्याच्यावर ठेवायची, आप्पा शेडवरून दर तासाला यायचे आणि काही न विचारता टोपीत बघून जायचे. दुसऱ्या दिवशी त्याने एक डोळा उघडला. तिसऱ्या दिवशी दुपारी घोडेगावहून आलेल्या गाडीतून भिमाबाई उतरल्या, डोक्यावर गवताचा भारा, हातात लग्नातल्या लाडवांची पुरचुंडी. गवत आईने चाळून घेतलं, मी कडक काड्या वेचून टाकल्या. त्या गवताला कसलाच वास नव्हता. फार फार तर उन्हाचा होता म्हणू.

दिवस मावळायच्या आत आम्ही ते पिंजऱ्यात घातलं आणि गुल्लूला दारात सोडलं. तो बराच वेळ नुसता बसून राहिला. त्याची कुशी अजून हलत होती. मग त्याने एक पातं ओढलं. दोन्ही पंजांत धरलं, एका टोकाला दात लावले आणि मान फिरवत फिरवत ते उभं चिरत नेलं, आई फरसबी सोलते तसं. एक झालं, दुसरं घेतलं. रुंद पाती त्याने बाहेरच्या अंगाला ढकलली, बारीक गालात भरून आत नेली. तो जन्मला दुकानातल्या पिंजऱ्यात. त्याने कधी बांध पाहिला नव्हता, बीळ पाहिलं नव्हतं, गवताचं पातंसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि तो आमच्या डोळ्यांसमोर तेच घर बांधत होता. आईने हात जोडले, कोणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. भिमाबाई लाडू खात उभ्या होत्या. "बघ," त्या म्हणाल्या, "इचारलं की सांगतंय." अंधार पडायला लागला तेव्हा पिंजऱ्यात गवताचा एक गोळा होता आणि त्याच्या मधोमध, आत ओढून घेतलेल्या पात्यांआड, एक नाक.

त्याच वेळी फोन वाजला. बंगळूरहून गौरी. मी रिसीव्हर उचलला. गेल्या चार दिवसांतलं काय सांगायचं आणि काय नाही ते ठरेना. आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला. नऊ वर्षांच्या भाचीपुढे ते ताठ उभे राहिले. "गौरे, मामा बोलतोय. तुझ्या गुल्लूला मी चुकीची गादी घातली. औषधाची व्हती. लई आजारी पडला, मरता मरता वाचला. वैशीची चूक न्हाई, माझी हाय."  आप्पांनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, आणि त्यांना ती मागायचे शब्दही येत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मग रिसीव्हरमधून रडका, बारीक आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "मामा, मग आता तो कशावर झोपतो?" आप्पांनी वळून पिंजऱ्याकडे पाहिलं. "थांब, सांगतो," ते म्हणाले, आणि खाली बसून सांगायला लागले. भाईरचं जाड गवत कसं, मधलं कसं, आतलं कसं. पातं पंजात कसं धरलं, मान कशी फिरवली. दुसरा हात हवेत गोल गोल फिरत होता, जणू ती समोर बसली होती. त्यांच्यासारखा द्राक्षाची वेल तारेवर बांधणारा माणूस तालुक्यात नव्हता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. बोलता बोलता ते थांबले.

"आपल्याला न्हाई जमायचं तसं, पोरी," ते म्हणाले.